नभोवाणीचे राखणदार

माजलगांव तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं पुरुषोत्तमपुरी नांवाचें गांव आहे. देवगिरीच्या रामचंद्र यादवाचा मंत्री पुरुषोत्तम याच्या अग्रहाराची हकीकत सांगणारा तेथील ताम्रपट इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्याचा काळ शके १२३२, म्हणजे इ. स. १३१०, महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं त्याचें संपादन करून तो विद्वानांपुढें ठेविला. राजाज्ञा एकदां तांब्यावर कोरली गेली, ती सहा शतकांनंतरही वाचतां आली. मधल्या काळांत तिला ना वीज लागली, ना रात्रपाळीचा कारागीर. त्याच माजलगांवांत गेल्या शतकांत दुसऱ्या एका प्रकारची वाणी घरोघर येऊं लागली. तीही तांब्याच्या तारेंतूनच निघत असे, पण तिला जपणारा माणूस जाग्यावर नसला तर ती तत्क्षणीं मुकी होई. त्या वाणीच्या राखणदारांविषयीं आज चार शब्द लिहावे असा आमचा विचार आहे.

नभोवाणीचा इतिहास आपल्याकडे कोणीं लिहिलाच नाहीं असें नव्हे. उद्‌घाटन कोणाच्या हस्तें झालें, संचालक कोण होते, कोणते गवई गाऊन गेले, हें सर्व शोधणारास सांपडतें. परंतु गवयाचा कंठ आणि आपला कान यांच्यामध्यें एक फलक असतो, ज्यास यंत्रज्ञ ‘कन्सोल’ म्हणतात. मायक्रोफोन, तबकडी, ध्वनिफीत, परगांवच्या केंद्राहून आलेली तार, या सर्वांचे आवाज त्या फलकावर एकत्र येतात. कोणास चढवावें, कोणास उतरवावें, कोणास बंद करावें, हें तेथें ठरतें, आणि मग तो आवाज प्रक्षेपकाकडे जातो. फलक हा केंद्राचा उंबरठा होय. तो ओलांडल्यावांचून एकही शब्द बाहेर पडत नाहीं. या उंबरठ्यावर बसणारा, आणि फलक बिघडला तर तो उघडून नीट करणारा मनुष्य मात्र इतिहासांत सहसा येत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, एखाद्या प्रांताची नभोवाणी यंत्रें आणल्यानें जगत नाहीं. यंत्र दुरुस्त करण्याची विद्या यंत्राजवळ राहिली तरच ती जगते.

आरंभापासून पाहूं. २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबईच्या केंद्राचें उद्‌घाटन झालें. तें चालविणाऱ्या इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें वसूल भांडवल सहा लाख रुपयांचें. त्यांपैकीं साडेचार लाख मुंबई व कलकत्ता येथील दोन केंद्रें उभारण्यांतच खर्ची पडले. दोन्ही प्रक्षेपकांची शक्ति दीड-दीड किलोवॅट होती. यंत्रें उभीं राहिलीं, पण त्यांच्या नित्याच्या पोषणास पैसा पुरेना. १ मार्च १९३० रोजीं कंपनी मोडीत निघाली. १ एप्रिलपासून हीं केंद्रें सरकारनें आपल्याकडे घेतलीं. १९३१ च्या ऑक्टोबरांत तीं बंद करण्याचें ठरलें, आणि लोकांनीं ओरड केल्यावर नोव्हेंबरांत तो निर्णय मागें घ्यावा लागला. पुढें ८ जून १९३६ रोजीं ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव पडलें. मालक बदलले, नांवें बदललीं, तरी मुंबईचा आवाज टिकला. याचें कारण यंत्रांच्या घडणींत होतें. त्या काळचें यंत्र उघडलें असतां त्याचें अंतरंग डोळ्यांपुढें येई. ज्याला मंडलाचा नकाशा वाचतां येतो त्याला तें दुरुस्त करतां येई. मूळ विकणारी पेढी जिवंत आहे कीं बुडाली, याशीं त्याचा फारसा संबंध नसे.

ऑल इंडिया रेडिओस त्याच वर्षीं मुख्य अभियंता म्हणून लाभलेले सेसिल गॉयडर हेही याच परंपरेंत वाढलेले. लंडनच्या मिल हिल शाळेंत असतांना, वयाच्या अठराव्या वर्षीं, १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं त्यांनीं एका हौशी बिनतारी केंद्रावरून न्यूझीलंडमधील फ्रँक बेल यांच्याशीं संदेशांची देवघेव केली. त्या दोन देशांमधील दुहेरी बिनतारी संभाषणाचा तो पहिलाच प्रसंग. ज्यानें शाळकरी वयांत यंत्राशीं झटून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास हांक पोहोंचविली, त्याच्याकडे हिंदुस्थानच्या नभोवाणीची यंत्रव्यवस्था आली, आणि १९४६ पर्यंत ती त्याच्या हातीं राहिली.

मराठवाडा मात्र या काळांत निजामाच्या राज्यांत होता, आणि माजलगांवही त्यांतच. हैदराबादची नभोवाणी प्रथम खासगी होती. १९३५ च्या फेब्रुवारींत ती निजाम सरकारनें ताब्यांत घेतली. औरंगाबादेसही त्या सरकारचें केंद्र होतें. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा हैदराबाद संस्थानांत शिरल्या आणि १७ सप्टेंबरास निजामानें नभोवाणीवरून शरणागति जाहीर केली. तो दिवस मराठवाड्यांतील प्रत्येक शाळेंत आज ‘मुक्तिसंग्रामदिन’ म्हणून साजरा होतो. त्या सायंकाळीं बोलणारा कोण होता, हें जगास ठाऊक आहे. पण त्याच्या आवाजासाठीं ज्यानें फलकावरची खुंटी फिरविली, राज्य कोसळत असतांही ज्यानें तार तुटूं दिली नाहीं, त्याचें नांव त्या इतिहासांत नाहीं.

१ एप्रिल १९५० रोजीं हैदराबाद व औरंगाबाद हीं दोन्ही केंद्रें ऑल इंडिया रेडिओकडे आलीं. औरंगाबादचें केंद्र पुढें बंद झालें. २ ऑक्टोबर १९५३ रोजीं पुण्यास नवें केंद्र निघालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. पण औरंगाबादचा आवाज थांबल्यावर आपल्या भूमीवरून आपल्या बोलींत बोलणारें केंद्र पुन्हा मिळण्यास मराठवाड्यास १९६८ सालाची वाट पाहावी लागली. त्या वर्षीं परभणीचें केंद्र सुरू झालें. १३०५ किलोहर्ट्‌झ, म्हणजे सुमारें २३० मीटरांच्या लहरीवरून तें ऐकूं येई. १९७२ सालीं परभणींतच कृषि विद्यापीठ स्थापन झालें, आणि एकाच गांवीं शेतकीची विद्या व ती सांगणारा कंठ एकत्र आले. कालांतरानें औरंगाबादेस पुन्हा केंद्र झालें, बीडलाही झालें. अशा रीतीनें माजलगांवच्या माणसाची नभोवाणी नेहमीं शेजारच्या गांवाहून आली. आणि म्हणूनच शेजारच्या त्या गांवांतील यंत्रखोलीचें आरोग्य हा त्याच्याही जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

जुन्या पद्धतीच्या यंत्रखोलींत दुरुस्तीची विद्या कानांतून शिकविली जाई. खुंटी फिरवितांना खरखर झाली, तर तिच्या स्पर्शबिंदूंवर मळ सांचला असें समजावें. स्पिरिटचा बोळा फिरविला कीं काम भागे. सलग घुंईं असा नाद आला, तर वीज गाळून घेणारा भाग निकामी झाला किंवा जमिनीचा जोड सुटला. आवाज फाटूं लागला, तर निर्वातनलिका म्हातारी झाली. सुईचें घड्याळ डोळ्यांपुढें, डाग देण्याची कांब हातांत, आणि उशाशीं नोंदवही. अमुक वाजतां अमुक बिघाड, अमुक उपाय, इतका वेळ प्रक्षेपण खंडित, खालीं सही. नवा मनुष्य ती वही वाची, जुन्याच्या शेजारीं बसे, आणि वर्षा-दोन वर्षांत स्वतः कानानें रोग ओळखूं लागे. हा सुवर्णकाळ होता असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. सुटे भाग दुरून येत, उन्हाळ्यांत यंत्रें तापत, आणि एका जागचा दोष दुसऱ्या जागीं कळण्यास पत्राचा मार्ग धरावा लागे. पण रोग आणि वैद्य एकाच छपराखालीं होते, एवढें खरें.

पुढें आवाजाचेंच रूप पालटलें. १९८५ सालीं अंकरूप ध्वनि एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसा न्यावा, याचा नियम ध्वनि-अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें व युरोपीय प्रक्षेपण संघानें मिळून घालून दिला. या पद्धतींत आवाजाचें माप बहुधा सेकंदास ४८,००० वेळां घेतलें जातें, आणि प्रत्येक माप चोवीस अंकांनीं लिहिलें जातें. म्हणजे एका वक्त्याच्या एका सेकंदाच्या बोलण्यास ११,५२,००० अंक लागतात. अशा डिजिटल फलकावरची पट्टी आपण सरकविली, तरी तिच्यांतून आवाज जात नाहीं. ती केवळ हुकूम देते. बेरीज-गुणाकार दुसऱ्या खोलींतील यंत्र करतें. लाभ उघड आहेत. फितीची सळसळ गेली. अनेक वेळां नक्कल केली तरी आवाज झिजत नाहीं. फलकाची सारी मांडणी जपून ठेवतां येते, व ती बिघडली तर थोड्या वेळांत पूर्ववत् करतां येते.

परंतु रोगही नवे आले. दोन यंत्रांचीं घड्याळें एकमेकांशीं जुळलीं नाहींत, तर निर्दोष आवाजांतही टिकटिक उमटते. आंतील लहानशी बॅटरी संपली, तर फलक आपली मांडणी विसरतो. पंख्यांत धूळ बसली, कीं यंत्र तापून थांबतें. आणि धूळ व उन्हाळा यांची मराठवाड्यास वाण नाहीं. कल्पना करा : वैशाखांतील सायंकाळ आहे, वीज जाऊन परत आली आहे, फलकावरचे सारे दिवे लागले आहेत, पण आवाज नाहीं. पूर्वीं यंत्रज्ञानें झांकण उघडलें असतें. आतां तो दूरध्वनि उचलतो. विकणाऱ्या पेढीचा माणूस पुण्यास, मुंबईस, किंवा परदेशांत, जेथें कदाचित् रात्र झालेली असेल. तो संगणकाच्या जाळ्यांतून फलकाची नाडी पाहतो. पुष्कळदां घटकेंत उपाय सांगतो, आणि त्याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत; पूर्वीं ही सोय नव्हती. पण त्या उपायाचें कारण मात्र येथें कळत नाहीं. दोष एखाद्या पत्र्यावरच्या कणाएवढ्या भागांत असेल, तर सबंध पत्राच बदलतात. दुरुस्ती झाली, विद्या मात्र मागें राहिली नाहीं.

याहून गंभीर प्रसंग दहा-पंधरा वर्षांनीं येतो. बनविणारी पेढी कळविते कीं, या जातीच्या फलकास यापुढें साहाय्य मिळणार नाहीं. फलक धडधाकट असतो. पण त्याची मांडणी बदलणारा कार्यक्रम जुन्याच संगणकावर चालतो, तो संगणक मिळेनासा होतो, पत्रे संपतात, आणि चांगलें यंत्र निराधार होतें. १९३० सालीं कंपनी बुडाली तरी केंद्र वांचलें, कारण यंत्राची किल्ली वाचणाराच्या डोक्यांत होती. आज तीच किल्ली पुष्कळ वेळां विकणाराच्या तिजोरींत असते. शंभर वर्षांच्या या प्रवासांत पालटलेली मुख्य गोष्ट आमच्या मतें हीच. नलिका जाऊन अंक आले, हा तिच्यापुढें लहान फरक होय.

यावर जुन्या यंत्रांकडे परत जाणें हा उपाय नव्हे. नदी उगमाकडे वाहत नाहीं. पण करार करतांना विचारावयाचे प्रश्न आपल्या हातीं आहेत. मंडलाचे नकाशे मिळतील काय? सुटे भाग किती वर्षें देणार? मांडणीची प्रत केंद्रांतच दोन जागीं राहील काय? दुरून उपाय करणारा मनुष्य काय केलें हें लेखी कळवील काय? आणि पेढीनें हात काढून घेतला, तर तिच्या कार्यक्रमाची किल्ली खरेदी करणारास मिळेल काय? यांबरोबरच ती जुनी नोंदवही पुन्हा उघडली पाहिजे, व ती मराठींत लिहिली पाहिजे. बीड, परभणी, छत्रपति संभाजीनगर येथें यंत्रविद्या शिकणारे तरुण थोडे नाहींत. ‘घड्याळें जुळलीं नव्हतीं, म्हणून टिकटिक होत होती’ एवढें एक वाक्य त्यांच्या भाषेंत लिहून ठेवलें, तर पुढच्या यंत्रज्ञाची एक रात्र वांचेल. ज्या विद्येस आपल्या भाषेंत शब्द नसतात, ती पाहुण्यासारखी येते आणि पाहुण्यासारखीच जाते.

घरोघरच्या वाचकांस वाटेल कीं, याच्याशीं आमचा काय संबंध? सिंदफणेच्या कांठचा शेतकरी पावसाचें वर्तमान ऐकावयास बसतो, तेव्हां त्याला फलकाची जात ठाऊक नसते, व ती ठाऊक असण्याची गरजही नाहीं. त्याला आवाज हवा असतो. तो आवाज ठरल्या वेळीं येतो, याचा अर्थ कोणी एक मनुष्य त्याच्या आधीं येऊन बसलेला असतो. पुरुषोत्तमपुरीच्या ताम्रपटांत राजाचें नांव आहे आणि मंत्र्याचेंही आहे. नभोवाणीला ताम्रपट नाहीं. तिच्या राखणदारांची सही नोंदवहींतच काय ती उरते. ती वही रद्दींत जाऊं न देणें, हें तरी आपल्या हातीं आहे.