शहाण्णव पायऱ्या खाली

करमाळ्यात देवीच्या माळावर दुपारचं ऊन तापलंय. कमलाभवानीचं दर्शन घेऊन तुम्ही शहाण्णव पायऱ्यांच्या विहिरीकडे येता, चपला काठावर काढता आणि उतरू लागता. आज या विहिरीत पायरीपायरीला काळ मागे सरकतो आहे.

थोडं उतरताच २०२०. परमवीरसिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालय देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला बजावतंय: कॅमेरे बसवा. दारात, व्हरांड्यात, कोठडीत. अंधारात दिसणारे, आवाज टिपणारे. चित्रीकरण शक्यतो अठरा महिने, निदान वर्षभर जपून ठेवा. चला, कोठडीत काय घडलं याचं भांडण मिटलं, असं तुम्हाला वाटतं. मग पुढची ओळ कानावर येते. कॅमेरे चालू ठेवायची आणि चित्रीकरण सांभाळायची जबाबदारी ठाणेदाराची. ज्याच्याविरुद्ध तक्रार व्हायची, पुरावा त्याच्याच कपाटात.

आणखी खाली. १९९३, दिल्ली. नीलाबती बेहेरा या ओडिशातल्या आईनं न्यायालयाला पत्र लिहिलं होतं आणि तीच याचिका ठरली. तिचा बावीस वर्षांचा मुलगा डिसेंबर १९८७ मध्ये पोलिसांच्या ताब्यात गेला आणि दुसऱ्या दिवशी रुळांवर मृत सापडला. पोलीस सांगतात, बांधलेली दोरी त्यानं दातांनी कुरतडली, पळाला आणि रेल्वेखाली आला. डॉक्टर सांगतात, जखमा लाठीच्या माराने होऊ शकतात. मागच्या बाकावर बसून तुम्ही तो दोरीचा तुकडा डोळ्यांसमोर आणता. माणसाच्या दातांनी कुरतडायला किती वेळ लागेल? आणि तेवढा वेळ पहाऱ्यावरचे काय करत होते? न्यायालय आईच्या बाजूनं कौल देतं. भरपाई दीड लाख रुपये.

पुढचं पाऊल टाकता आणि पाय हवेतच राहतो. तुम्ही भिंतीला धरता. इथे १९८५ ची पायरी असायला हवी होती. विधी आयोगानं आपल्या ११३ व्या अहवालात ती घडवून दिली होती: पोलिसांच्या ताब्यात असताना माणसाला इजा झाली, तर ती पोलिसांनीच केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. साक्षीपुरावा कायद्यात कलम ११४-ब घाला. पायरी घडली, बसवली कुणीच नाही. १९९४ च्या आणि २०१७ च्या अहवालांनी पुन्हा आठवण करून दिली. २०२४ मध्ये नवा साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही ती जागा मोकळीच.

तिच्या खालची १९८३ ची पायरी मात्र भक्कम आहे. कलम ११४-अ: पोलिसाच्या ताब्यात असताना बलात्कार झाल्याचा आरोप असेल, संबंध आला हे सिद्ध झालं असेल आणि स्त्री म्हणाली ‘माझी संमती नव्हती’, तर न्यायालयानं तसंच मानायचं. ही पायरी का बसली, ते खाली गेल्यावर कळतं. १९७९: कायद्याचे चार प्राध्यापक एका निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहितात. १९७८: सर्वोच्च न्यायालय दोन पोलिसांना निर्दोष सोडतं, अंगावर इजेच्या खुणा नाहीत म्हणून. १९७६: नागपूर खंडपीठ त्याच दोघांना शिक्षा देतं, भीतीनं शरण जाणं म्हणजे संमती नव्हे म्हणून. १९७४: चंद्रपूरचं सत्र न्यायालय मुलीलाच खोटारडी ठरवतं. वैद्यकीय कागद एकच, वाचणारे तीन.

आणि मग १९७२. २६ मार्चची रात्र, साडेदहा वाजून गेलेत. देसाईगंजच्या पोलीस चौकीबाहेर तुम्ही उभे आहात. चौदा ते सोळा वर्षांची एक आदिवासी मुलगी भावाच्या तक्रारीपायी इथे आणली गेलीये. बाकीच्यांना घरी जायला सांगितलं, तिला मागे ठेवलं. दार आतून लागतं. दिवे मालवतात. बरोबर आलेली बाई हाका मारते, लोक जमू लागतात. तुम्ही डोळे ताणून बघता. उद्या साक्षीला बोलावलं, तर सांगणार काय? दार लागलं आणि दिवा गेला, एवढंच.

तळाशी पाणी आहे आणि १८७२ साल. फिट्झजेम्स स्टीफननं घडवलेला साक्षीपुरावा कायदा. कलम २५: पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. त्याआधी, १८५५ मध्ये, मद्रासच्या छळ चौकशी आयोगानं कबुल्या कशा काढल्या जातात ते लिहून ठेवलं होतं. बंद खोलीत काय होतं, हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. पाण्यात हात बुडवताना तुमच्या ध्यानात येतं: कोठडीतून आलेल्या शब्दावर कायदा दीडशे वर्षं अविश्वास दाखवत आलाय, कोठडीतून आलेल्या जखमेबद्दल मात्र पुरावा जखमीनंच आणायचा. आणि तो मेला असेल, तर त्याच्या आईनं.

तुम्ही चढू लागता. मोकळ्या जागेशी भिंतीला धरून ढांग टाकता. वर येईपर्यंत धाप लागलेली असते. काठावर नारळ विकणाऱ्या आजी हसून विचारतात, “मोजल्या का? भरल्या का शहाण्णव?”

“भरल्या,” तुम्ही म्हणता. चपला पायात सरकवताना एक पाय मात्र अजून हवेतच असल्यासारखा वाटतो.