आरएक्स १०० मॉडिफाय केली अन् पिस्टन जाम झाला? आधी पेट्रोल तपासा, मग कार्बोरेटरला हात लावा

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. इंजिन अवघे ९८ सीसीचे, पण ताकद ११ हॉर्सपॉवरची. त्यामुळे गावाकडच्या पोरांत तिची क्रेझ आजही कमी झालेली नाही. जुनी गाडी घ्यायची, फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावायचा, एक्स्पान्शन चेंबरचा सायलेन्सर टाकायचा, कुणी सिलिंडरचे पोर्टही घासून मोठे करतो. चार दिवस गाडी वाऱ्यासारखी पळते अन् एक दिवस भर रस्त्यात पिस्टन धरतो. दोष पिस्टनच्या कंपनीला दिला जातो. खरे कारण बऱ्याचदा वेगळेच असते. इंजिनात हवा वाढलेली असते, पण पेट्रोल तेवढेच राहिलेले असते.

पेट्रोल कमी पडले की काय होते?

हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले तर मेकॅनिक त्याला 'लीन' म्हणतात, जास्त झाले तर 'रिच'. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारे पेट्रोल इंजिन थंडही ठेवते. ते कमी पडले की उष्णता वाढते. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. तापल्यावर तो लोखंडी स्लीव्हपेक्षा जास्त फुगतो आणि जागेवर धरतो.

फसवणूक अशी की थोडी लीन गाडी चालवायला हलकी अन् तेज वाटते. 'सेटिंग एकदम फिट बसली' असे वाटते तेव्हाच धोका जवळ आलेला असतो. रिच गाडी धूर मारते, मिसिंग करते, प्लग ओला करते, पण इंजिन फोडत नाही. म्हणून सेटिंग नेहमी रिचकडून सुरू करून हळूहळू कमी करत आणावी.

लक्षणे ओळखा

- ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस लगेच खाली येत नाही: लीन, किंवा कुठूनतरी हवा गळते.
- फुल रेसला ताकद अचानक पडते, थोडा ॲक्सिलरेटर सोडला की पुन्हा ओढते: पेट्रोल पुरत नाही.
- फुल रेसला 'भर्रर्र' असा फुटका आवाज, गाडी मोकळी होत नाही: मेन जेट मोठा.
- काही किलोमीटरनंतर बंद, थोडे थांबले की पुन्हा चालू: टाकीत हवा जात नाही.
- कॉक चालू ठेवून उभी केली की खाली पेट्रोल टपकते: फ्लोटची सुई घासली किंवा तिच्याखाली कचरा.

पहिली पायरी: पेट्रोल पोहोचते का?

जेट बदलण्याआधी हे काम करा. याला खर्च जवळपास काहीच नाही.

१. गाडी बंद पडली की लगेच टाकीचे झाकण उघडा. 'फुस्स' आवाज झाला आणि गाडी चालू झाली तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे.
२. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा, कॉक उघडा. धार सलग पडली पाहिजे. थेंब थेंब किंवा तुटक धार पडली तर कॉकची जाळी, मधला फिल्टर, नळीचा पीळ तपासा. हे काम उघड्यावर, गार इंजिनवर करा. जवळ विडी-काडी नको.
३. कार्बोरेटरची वाटी उघडा. तळाला गंज, पाणी, चिकट थर दिसला तर टाकीसुद्धा धुवावी लागेल.
४. जेटमध्ये तार घालू नका. छिद्र मोठे होते आणि जेटवरच्या नंबरला अर्थ उरत नाही. क्लीनर मारून कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा.
५. फ्लोटची उंची पाहा. वाटीत पेट्रोलची पातळी कमी राहिली तर कोणताही जेट टाका, गाडी लीनच चालणार.

दुसरी पायरी: हवा गळते का?

कार्बोरेटर आणि सिलिंडरमधले रबर, गॅस्केट, रीड व्हॉल्व्हची बैठक पाहा. गाडी स्लोवर ठेवून सांध्यांवर ग्रीसचा थर द्या. रेस बदलली तर गळती तिथेच. गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडून गळती शोधायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती आगीला निमंत्रण आहे.

क्रँकची ऑइल सीलही विसरू नका. मॅग्नेटोकडचे सील गेले तर इंजिन तिथून हवा ओढते अन् लीन होते. क्लचकडचे गेले तर गिअर ऑइल ओढते, पांढरा धूर वाढतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरते.

तिसरी पायरी: कार्बोरेटर सेटिंग

ॲक्सिलरेटर किती उघडला आहे, त्यावर कोणता भाग काम करतो हे ठरते.

- स्लो ते पाव: पायलट जेट आणि एअर स्क्रू
- पाव ते पाऊण: स्लाइडमधली सुई
- पाऊण ते फुल: मेन जेट

उलट क्रमाने चाला, म्हणजे आधी मेन जेट. दोन नंबर मोठा जेट टाका. फुल रेसला फुटका आवाज येईल. मग एकेक नंबर कमी करत जा. आवाज जिथे मोकळा होतो, तिथून परत एक नंबर वर जाऊन थांबा.

नंतर सुई. क्लिप खालच्या खाचेत टाकली की सुई वर उठते, पेट्रोल वाढते. वरच्या खाचेत टाकली की कमी होते.

शेवटी एअर स्क्रू. इंजिन गरम करा, स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड फेरा सोडा. तिथून थोडा आत-बाहेर करत स्लो रेस सर्वात वर जाईल ती जागा धरा. ती एका फेऱ्याच्या आतच आली तर पायलट जेट मोठा हवा, अडीच फेऱ्यांपुढे गेली तर लहान हवा. इथे हा स्क्रू आत घेतला की गाडी रिच होते. अनेक फोर-स्ट्रोक गाड्यांत बरोबर उलटे असते, तिथे गल्लत होते.

प्लगचा रंग

नवा प्लग लावा, इंजिन गरम करा. मोकळ्या सरळ रस्त्यावर, हेल्मेट घालून, थोडा वेळ फुल रेसने चालवा. मग क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद करा अन् बाजूला थांबून प्लग काढा. फिकट चहासारखा तांबूस रंग ठीक. पांढराफटक किंवा फोड आलेला दिसला तर लीन, त्या जेटवर पुढे पळवू नका. काळा ओला म्हणजे रिच.

ऑइलची केबल अन् मिश्रण

कार्बोरेटर बदलताना ऑइल पंपाची केबल ढिली राहिली तर सेटिंग कितीही चांगली असो, पिस्टन जाणारच. पंप काढून टाकला असेल तर टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. एक लिटरला २० मिली म्हणजे ५० ला १, २५ मिली म्हणजे ४० ला १. सुरक्षित राहावे म्हणून वाटेल तेवढे ऑइल ओतले तर त्याच जेटमधून पेट्रोल कमी जाते, म्हणजे गाडी आणखी लीन होते.

ई-२० पेट्रोल आणि हवामान

शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला साधारण साडेतेरा. जुना जेट तसाच ठेवला तर मिश्रण लीनकडे झुकते. इथेनॉल पाणी ओढते, जुन्या रबरी नळ्या अन् सील फुगवते. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करा.

मे महिन्यात बसवलेली सेटिंग डिसेंबरच्या पहाटे लीन पडते, कारण थंड हवा घट्ट असते. महाबळेश्वरसारख्या उंचावर तीच गाडी रिच वाटेल. तिथे जेट कमी करून घाट उतरू नका.

चालू गाडीत पिस्टन धरला तर

आवाज बदलला, ओढ अचानक गेली की लगेच क्लच दाबा. नाहीतर मागचे चाक जागेवर लॉक होऊन गाडी आडवी होते. गार झाल्यावर किक बसली म्हणून तसेच पुढे जाऊ नका. हेड-सिलिंडर उघडून ओरखडे पाहा. रीबोअर ०.२५ मिमीच्या टप्प्याने साधारण १ मिमीपर्यंत होते, म्हणजे चारच संधी. कारण न शोधता नवा पिस्टन टाकला तर तोही तसाच जातो.

कायद्याचेही पाहा. आरसीवरील नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालत नाही, आणि कर्कश सायलेन्सरवर कलम १९०(२) खाली कारवाई होऊ शकते. मूळ फिल्टर, मूळ सायलेन्सर जपून ठेवा. सेटिंग जमेना तर तेच परत बसवणे सर्वात स्वस्त पडते.