जुनी स्पोर्ट्स मोटार : जीर्णोद्धार करावा की नाद सोडावा?

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या बाजाराला तंतोतंत लागू पडते. वर्षानुवर्षे शेडमध्ये धूळ खात पडलेली, रंग उडालेली, छप्पर फाटलेली दोन आसनी मोटार थोडक्या पैशांत मिळून जाते. ती पुन्हा रस्त्यावर आणताना होणारा खर्च मात्र खरेदीच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतो. अशा गाडीचा जीर्णोद्धार करावा की नाही, याचे उत्तर हौसेपेक्षा पत्र्यावर अधिक अवलंबून असते. ब्रिटनची 'एमजीबी' ही मोटार याचे बोलके उदाहरण आहे.

सामान्यांची स्पोर्ट्स मोटार

ऑक्सफर्डच्या 'मॉरिस गॅरेजेस' या पेढीच्या आद्याक्षरांवरून 'एमजी' हे नाव आले. गुजरातेतील हलोल येथे २०१९ पासून तयार होऊ लागलेल्या 'हेक्टर'मुळे ते भारतीयांच्याही परिचयाचे झाले. एमजीबीचे उत्पादन १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डनजीकच्या अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात झाले. उघड्या टपाची 'रोडस्टर' आणि १९६५ पासून बंद टपाची 'जीटी' अशा दोन रूपांत मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर आणि सुमारे ९५ अश्वशक्ती हे तिचे बळ. रचना साधी आणि संख्या मोठी असल्यामुळे आजही तिचे जवळजवळ सर्व सुटे भाग नवे मिळतात. नवशिक्या हौशी मंडळींची पसंती तिला मिळते ती यामुळेच, आणि त्यांची फसगतही बहुधा येथेच होते. भाग मिळतात म्हणजे काम सोपे आहे, असा समज करून घेतला जातो.

खरी परीक्षा उंबरठ्याची

जीप किंवा मालमोटारीला असते तशी वेगळी चासी एमजीबीला नाही. पत्र्याचे भाग एकमेकांना जोडून तयार केलेला सांगाडाच सारा भार पेलतो. त्यातही दारांखालून जाणारी 'सिल', म्हणजे गाडीचा उंबरठाच म्हणावा, ही सर्वांत महत्त्वाची. रोडस्टरला टपाचा आधार नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग जोडून ठेवण्याचे काम प्रामुख्याने तिलाच करावे लागते. ही सिल पत्र्याच्या अनेक थरांची असते. आत शिरलेले पाणी आणि चिखल तेथे साचून राहतात आणि गंज आतून बाहेर येतो. रंगावर फुगवटा दिसू लागतो तोवर आतील थर पोखरलेला असण्याची शक्यता असते.

तपासणी अवघड नाही. सिलखालच्या ठरलेल्या जागी जॅक लावून गाडी हळूहळू उचलावी आणि दाराच्या कडेची फट पाहावी. फट लहानमोठी होऊ लागली, दार अडकू लागले किंवा जॅकची जागाच आत दबली, तर सांगाड्याची ताकद गेली आहे असे समजावे. पुढील मडगार्डचा मागचा भाग, दारामागचा चाकाजवळचा कोपरा, पायाखालचा पत्रा आणि आसनांमागे बॅटरी ठेवण्याची जागा हीदेखील गंजाची ठरलेली ठिकाणे होत. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. ते जेथे चिकटत नाही, तेथे पुट्टी भरून वर रंग चढवला आहे हे उघड होते.

सिल बदलणे म्हणजे गंजावर ठिगळ लावणे नव्हे. जुना पत्रा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडव्या लोखंडी पट्ट्या बसवून सांगाडा ताठ धरावा लागतो. तसे न केल्यास गाडी मधोमध खचते आणि नवे दार कधीच नीट बसत नाही.

इंजिनाची चिंता कमी

पत्र्याच्या तुलनेत यंत्रभागाचे दुखणे आटोक्यात राहते. 'बी-सिरीज' नावाने ओळखले जाणारे हे इंजिन दणकट आणि समजायला सोपे आहे. भारतीयांना तर ते परके नाहीच. याच कुळातील १४८९ सीसीचे इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये अनेक दशके धावत होते. इंजिन तापल्यावर ऑइलचा दाब किती राहतो, धूर निळा येतो का, दुसऱ्या गिअरमधून गाडी आपोआप सुटते का, एवढे पाहिले तरी बराच अंदाज येतो. शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री ब्रिटनमध्ये २००० च्या आरंभी थांबल्याने पुष्कळ गाड्यांच्या इंजिनांत कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवण्यात आल्या. त्या बसवल्या आहेत का, हे विचारून घ्यावे. तेथे २०२१ पासून १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल प्रचलित झाले. जुने रबरी पाइप त्याने खराब होऊ शकतात, म्हणून तेही बदलणे इष्ट.

हिशेब आणि कायदा

'ब्रिटिश मोटर हेरिटेज' ही संस्था १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीचे नवे सांगाडे तयार करीत आली आहे. म्हणजे पूर्ण कुजलेली गाडीही तत्त्वतः वाचवता येते. परंतु चालत्या, बऱ्या स्थितीतील एमजीबीपेक्षा नुसता नवा सांगाडाच अनेकदा महाग पडतो. त्यावर रंगकाम, तारांची जोडणी, गादीकाम आणि शेकडो तासांची मजुरी आलीच. १९७४ नंतरच्या काळ्या रबरी बंपरच्या गाड्यांना क्रोम बंपरच्या गाड्यांपेक्षा भाव कमी मिळतो. मेहनत मात्र तेवढीच लागते. म्हणून विकून नफा कमावण्याच्या हेतूने संपूर्ण जीर्णोद्धार हाती घेणे सहसा अंगलट येते.

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठे फेरबदल न केलेल्या मोटारींना वार्षिक सुरक्षा तपासणीतून सूट आहे. सर्वच एमजीबी आता या वयोगटात मोडतात. ही सूट सोयीची खरी, पण कुजलेली सिल सरकारी तपासनीसाच्या नजरेस पडण्याची खात्री तिच्यामुळे राहिलेली नाही. गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकावरच असते. स्वेच्छेने तपासणी करून घेण्याची सोय उपलब्ध आहे आणि सुज्ञ मालक तिचा लाभ घेतात.

भारतात ५० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने स्वतंत्र नोंदणी नियम केले. त्यानुसार नव्या नोंदणीसाठी २० हजार आणि पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये शुल्क ठरवण्यात आले. त्यात एक अट महत्त्वाची आहे. गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत. हौसेने केलेला बदल नोंदणीच्या आड येऊ शकतो. शिवाय अशी नोंदणी प्रदर्शने, रॅली यांसारख्या कारणांसाठी असते, रोजच्या वापरासाठी नव्हे.

निर्णय कसा घ्यावा?

सांगाडा भक्कम आणि दुखणे केवळ इंजिन, ब्रेक, गादी वा रंगाचे असेल, तर गाडी वापरात ठेवून टप्प्याटप्प्याने काम करावे. आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर, मग इंजिन आणि सर्वांत शेवटी रंग, हा क्रम सुरक्षित आणि खिशालाही सोसणारा. सिल गेली असेल पण वेल्डिंगचे कौशल्य, झाकलेली जागा आणि दोन-तीन वर्षांची सवड हाताशी असेल, तर छंद म्हणून काम जरूर घ्यावे. तो खर्च परत मिळेल अशी आशा मात्र धरू नये. यांपैकी काहीच नसेल, तर तेवढ्याच पैशांत दुसऱ्याने नीट केलेली गाडी, पावत्या आणि कामाची छायाचित्रे पाहून, घ्यावी.

आणि सर्वच बाजूंनी पोखरलेल्या गाडीचे काय? तिचे इंजिन, गिअरबॉक्स, काचा, चाके दुसऱ्या एखाद्या एमजीबीला उपयोगी पडतात. अर्धवट उघडून अंगणात सडत ठेवण्यापेक्षा तिच्या सुट्या भागांवर दुसरी गाडी रस्त्यावर राहिली, तर ते केव्हाही बरे.