ख्रिस्ती स्त्रियांच्या इतिहासाचीं दोन साधनें

गोमंतक व महाराष्ट्र येथील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासांत पाद्री व अधिकारी यांचीं नांवें पुष्कळ येतात. घर चालविणाऱ्या स्त्रीचें नांव क्वचितच आढळतें. तिचा शोध कोणत्या साधनांतून घ्यावा, एवढाच प्रश्न प्रस्तुत टिपणांत आम्ही घेतला आहे.

कॅथॉलिक पक्षीं प्रथम दिसते ती संन्यस्त स्त्री. आर्चबिशप मेनेझिस यांनीं १६०६ सालीं जुन्या गोव्यांत सांता मोनिका हा स्त्रियांचा मठ स्थापिला. मठाची अध्यक्षा स्त्री असे. मात्र मिस्सा अर्पण करणें व पापकबुली ऐकणें हे अधिकार पाद्र्याकडेच राहिले.

गृहिणीविषयीं सरळ पुरावा विरळ आहे. अशा वेळीं मनाई करणाराचा कागदच उपयोगीं पडतो. गोव्यांत इन्क्विझिशन १५६० सालीं स्थापन झालें. पुढें पावणेदोनशें वर्षांनीं, १७३६ सालीं, त्याच न्यायासनानें जाहीरनामा काढून लग्नांतील देशी गाणीं, हळद, विडे इत्यादींस बंदी केली. ज्याची बंदी करावी लागते तें प्रचारांत असतेंच, हा न्याय येथें लागू पडतो. गोव्याच्या ख्रिस्ती लग्नांत वधूवरांस नारळाचा 'रोस' लावण्याची चाल अद्याप आहे. यावरून शेवटीं कोणाचें चाललें हें उघड होतें.

प्रॉटेस्टंट पक्षीं स्त्री स्वतःच लेखणी धरते. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. परंतु गुरुस्थानीं असलेल्या भगिनींशीं धर्ममतांवर वाद घालण्यास त्या कचरल्या नाहींत. तो पत्रव्यवहार १९७७ सालीं छापून प्रसिद्ध झाला. पुढें केडगांवीं त्यांनीं संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर केलें.

दुसरें उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचें. नागपूर-राजनांदगांव लोहमार्ग आमच्या सिहोऱ्याच्या तालुक्यांतील तुमसर रोडवरून जातो. त्याच मार्गावर आगगाडींत एका मिशनऱ्याची गांठ पडून नारायण वामन टिळकांचें मन ख्रिस्ती धर्माकडे वळलें. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं तो १९०० सालीं घेतला. मधल्या वर्षांत एका घराचे दोन तुकडे कसे झाले व ते पुन्हां कसे सांधले, हें पतीच्या कवितेवरून कळलें नसतें. १९३४ पासून निघालेल्या 'स्मृतिचित्रें'नें तें कळविलें.

हा भेद केवळ पंथाचा आहे असें आमचें म्हणणें नाहीं. दोन्ही साधनांमध्यें दोन शतकांचें अंतर आहे. मधल्या काळांत मुलींच्या शाळा निघाल्या. १८२७ सालीं मुंबईस आलेल्या सिंथिया फॅरार यांनीं पुढें अहमदनगरास त्याच कामांत आयुष्य वेंचिलें. अक्षर हातीं आलें तेव्हां पुरावाही स्त्रीच्या हातीं आला.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति एवढीच, कीं जुन्या ख्रिस्ती घरांतून बखरी व सनदा शोधतांना आईचीं पत्रें, हिशेबाच्या वह्या व बाप्तिस्म्याच्या नोंदींतील धर्ममातांचीं नांवें क्षुद्र म्हणून टाकूं नयेत. पाद्र्याचे कागद चर्चनें जपले. हे कागद मात्र रद्दींत गेले तर पुन्हां मिळणार नाहींत.