रात्रभराचा वग, तीन मिनिटांची तबकडी

१९३५च्या जुलैत पंढरपुरात तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म झाला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, २९ एप्रिल १९३६ला, मुंबईत वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहतांचा. कला दोघांच्याही घरात आधीपासून नांदत होती. विठाबाईंचे वडील आणि चुलते यांचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड गावोगाव गाजत होता. त्याची सुरुवात आजोबांनी, म्हणजे शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईच्या नारायण खुडे यांनी केली होती. मेहतांचे वडील मेहली हे व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५मध्येच बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढे एक मुलगा व्हिएन्नाला शिकायला गेला आणि माँट्रिअल, लॉस एंजेलिस, न्यू यॉर्क, तेल अवीव इथल्या वाद्यवृंदांपुढे उभा राहिला. एक मुलगी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावचं नाव लावून महाराष्ट्रभरच्या जत्रांमध्ये नाचली, गायली आणि फडाची मालकीणही झाली. राष्ट्रपतींच्या हस्ते विठाबाईंचा दोनदा गौरव झाला, १९५७ आणि १९९०मध्ये.

फरक पडतो तो संग्राहकाच्या कपाटात. मेहतांनी कोलंबिया कंपनीसाठी केलेली ध्वनिमुद्रणं सोनीने एका जाडजूड संचात बांधली आहेत. नव्वदहून जास्त सीडी. डेक्कासाठी लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाबरोबर केलेल्या कामाचा संच वेगळाच. अशा संचात प्रत्येक तबकडी मूळ वेष्टनाच्या छोट्या प्रतिकृतीत असते आणि सोबतच्या पुस्तिकेत ध्वनिमुद्रण कुठल्या सभागृहात, कुठल्या तारखेला झालं हे छापलेलं असतं. हौशी मंडळी संगीताइतक्याच आवडीने ही पुस्तिका वाचतात. विठाबाईंचा असा संच दुकानात मिळत नाही.

का मिळत नाही, याचं सोपं उत्तर ‘आपल्याकडे कदर नाही’ असं दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

संच ही कल्पनाच लांबलचक संगीत आणि आखूड तबकडी यांच्या भांडणातून जन्माला आली. १९१३च्या नोव्हेंबरात आर्थर निकिश यांनी बर्लिन फिलहार्मोनिककडून बीथोव्हनची पाचवी सिम्फनी ध्वनिमुद्रित करून घेतली तेव्हा तिला तबकड्यांच्या आठ बाजू लागल्या. मग ७८ फेऱ्यांच्या अशा तबकड्या फोटोंच्या आल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकायची पद्धत पडली. लाँगप्ले आल्यावर वहीची जागा खोक्याने घेतली. १९६३मध्ये हर्बर्ट फॉन कारायान यांच्या बीथोव्हनच्या नऊ सिम्फनी आठ लाँगप्लेच्या एकाच संचात आल्या, लोकांनी आगाऊ वर्गणी भरून त्या घेतल्या, आणि वाद्यवृंदाच्या संचालकाचं नाव हेच विक्रीचं चिन्ह होऊन बसलं. त्याच कारायान यांच्या पुढच्या एका संचात ३३० सीडी आहेत. रोज एक ऐकली तरी वर्ष संपत येतं.

भारतात ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग १९०२मध्ये कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचा आवाज मेणावर उतरवला. तीन मिनिटांत ख्याल आटोपून शेवटी स्वतःचं नाव पुकारायचं, ही शिस्त तेव्हापासूनची. गवयांनी कुरकुर केली, पण जमवून घेतलं. नाट्यपदांना तर हा साचा चांगलाच मानवला, कारण पद मुळातच सुटं काढता येतं. पुढे तीसच्या दशकात आपल्या कंपन्यांनीही नाटकांचे संच काढले, चार-पाच तबकड्यांत सारं नाटक कोंबून. मराठी घरातला सगळ्यात लाडका संच मात्र ‘गीतरामायणा’चा. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५पासून वर्षभर चाललेली गदिमांची छप्पन्न गीतं, सुधीर फडक्यांच्या आवाजात दहा लाँगप्लेंवर. ज्या घरात दुसरी तबकडी नव्हती तिथेही हा संच असायचा आणि रामनवमीला बाहेर निघायचा. म्हणजे मराठी माणूस संच घेत नाही, हे म्हणणं टिकत नाही.

तमाशाचं गणित वेगळं होतं. गण, गवळण, बतावणी आणि मग वग, असा ढोलकी फडाचा क्रम. गण-गवळण दोन-चार तबकड्यांत बसली असती. मावशीची थट्टा, कृष्णाने अडवलेल्या गवळणी, पेंद्याची भंकस हेही कसंबसं उतरलं असतं. पण वग पहाटेपर्यंत चालायचा आणि प्रत्येक गावात निराळा व्हायचा. सोंगाड्या त्या गावच्या सरपंचाचं, पाटलाच्या बैलाचं, आदल्या दिवशीच्या भांडणाचं नाव संवादात ओवायचा आणि लोक तिथेच उसळायचे. ढोलकीवाल्याने एक तोडा जास्त घेतला तर नाचणारी त्याला उत्तर द्यायची. पाठीमागे झिलकरी टिपेला जाऊन लावणीचं पालुपद ओढायचे. शहरातल्या बंद खोलीत, कर्ण्यासमोर उभं राहून यातलं काय उरलं असतं? संवाद उरले असते आणि शिट्ट्या गेल्या असत्या. तमाशात शिट्टी हा ऐवजाचाच भाग आहे.

यात जातीचा आणि प्रतिष्ठेचाही हिशेब होता आणि तो झाकण्यात अर्थ नाही. फड बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी कलावंतांचे. ग्रामोफोन घेण्याची ऐपत असलेलं गिऱ्हाईक प्रामुख्याने पांढरपेशा. त्या दिवाणखान्यात नाट्यगीत चालायचं, तमाशा चालायचा नाही. १९४८मध्ये मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदीच घातली. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बंदी उठली, पण वगाच्या संहिता तपासून घ्यायची अट मागे लागली. गंमत अशी की या अटीमुळे वग कागदावर तरी आले. सोंगाड्या मात्र त्या कागदाला विचारून बोलत नव्हता.

आणि मग सिनेमाने लावणी उचलली. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९मध्ये आला आणि पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. वसंत पवारांचं संगीत, आशा भोसल्यांचा आवाज आणि पडद्यावर जयश्री गडकर. सुलोचना चव्हाणांच्या लावण्यांनी पुढचा काळ गाजवला; १९७२मध्ये ‘पिंजरा’ आला. या तबकड्या जुन्नरच्या बाजारपेठेतही वाजल्या आणि जत्रेच्या पाळण्यावरच्या कर्ण्यातूनही. आज जुन्या बाजारात लावणी म्हणून जी तबकडी हाती येते ती बहुतेक वेळा हीच. तिला नावं ठेवायचं कारण नाही; त्या चाली अस्सल आहेत आणि गाणाऱ्या थोर आहेत. पण ती फडाची लावणी नाही, स्टुडिओतली आहे. पुढे फडांनाच प्रेक्षकांच्या फर्माइशीवरून सिनेमाच्या लावण्या म्हणाव्या लागल्या, तेव्हा चक्र उलटं फिरलं.

हे सगळं होत असताना नारायणगाव काय करत होतं? ते तमाशाची पंढरी होत होतं. पुणे-नाशिक रस्त्यावरचं हे बाजाराचं गाव. इथून मंचर-घोडेगावकडे, जुन्नर-ओतूरकडे, तसंच नगर आणि नाशिकच्या बाजूला उतरता येतं. दसऱ्याला फड बाहेर पडतात. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. राहुटीपुढे फडाच्या नावाचा रंगीत फलक, आत टेबलखुर्ची आणि तारखांची वही. गावोगावची यात्रा कमिटीची मंडळी चार राहुट्या फिरतात, मागच्या वर्षी कुणाचा वग पडला आणि कुणाचा चढला याची उजळणी करतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. चैत्र-वैशाखातल्या जत्रांचा अर्धाअधिक कार्यक्रम असा या राहुट्यांमध्ये पक्का होतो. आंबेगाव तालुक्यात दिवसा घाटात बैलगाडे पळतात आणि रात्री त्याच गर्दीला तमाशा लागतो. २०२०मध्ये करोनाने जत्रा बंद पाडल्या तेव्हा या राहुट्यांचाही हंगाम बुडाला.

एवढा व्यापार, आणि त्याची नोंद सुपारीच्या वहीत. आवाजाची नोंद कुणाच्याच कामाची नव्हती. फडमालकाला पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक हवं होतं. त्याचा वग तबकडीवर मिळाला असता तर त्यालाच भीती वाटली असती की लोक कनातीत यायचे नाहीत आणि शेजारचा फड वग उचलेल. ही भीती अगदीच खोटी नव्हती.

आवाज साठायला लागला तो टेपवर. पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झाली आणि लोकसंगीताला तिथे हक्काची वेळ मिळाली. मात्र आकाशवाणीत टेप पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती. खरा फरक कॅसेटने पडला. ऐंशीच्या दशकात आखाती देशांतून आणि मुंबईहून टू-इन-वन खेड्यांत पोचले. वीस-पंचवीस रुपयांच्या कॅसेटवर गण-गवळण, बतावणी आणि अख्खे वग यायला लागले. ‘ए’ बाजू संपली की वग अर्ध्यात तोडून ‘बी’ बाजू. छापील कॅसेटशिवाय दुसरा प्रकार होता आणि संग्राहकाच्या दृष्टीने तोच सोन्याचा: जत्रेत रंगमंचाच्या कडेला कुणीतरी रेकॉर्डर ठेवून उतरवून घेतलेली कोरी कॅसेट. आवाज फाटलेला, ढोलकी फार जवळ, गायिका लांब, मध्येच कुणाचं तरी बोलणं. पण शिट्ट्या त्यात आहेत.

अशा गोष्टी जपणारी माणसं महाराष्ट्रात आहेत. १९९०मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी चोरबाजारापासून जुन्या वाड्यांच्या माळ्यांपर्यंत फिरून तबकड्या गोळा केल्या, ऐकवल्या आणि त्यांच्या याद्या छापल्या. १९८२मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने ध्वनिसंग्रहालय काढलं तेही पुण्यातच. नंतर ते दिल्लीकडे गेलं. आणि हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी तर जात्यावरच्या ओव्यांचा एवढा प्रचंड संग्रह केला की आकडा लाखापुढे गेला, त्यातल्या कितीतरी बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या. ज्या गाण्याला व्यासपीठ नव्हतं, तिकीट नव्हतं, मध्यस्थ नव्हता, त्याचा संग्रह झाला. मग पिढ्यान्‌पिढ्या नाव टिकवलेल्या फडांचा व्हायला काय हरकत होती? तमाशावर पुस्तकं आली, संदेश भंडारे यांनी तमाशाची छायाचित्रं काढून ‘तमाशा: एक रांगडी गंमत’ हा ग्रंथ केला, योगीराज बागूल यांनी विठाबाईंचं चरित्र लिहिलं. डोळ्यांसाठी बरंच झालं, कानांसाठी फार थोडं.

याच जुन्नर तालुक्यात खोडद आणि आजूबाजूच्या परिसरात तीस अँटेना उभ्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही महाकाय मीटरतरंग दुर्बीण कोट्यवधी प्रकाशवर्षं लांबून आलेल्या क्षीण रेडिओ लहरी टिपते आणि त्यांची रीतसर नोंद ठेवते. नारायणगाव तिथून जवळच. जुन्नरात दूरचं ऐकायची सोय जगात मोजक्या ठिकाणी आहे तितकी चांगली आहे, एवढंच इथे म्हणायचं.

विठाबाई १५ जानेवारी २००२ला गेल्या. शेवटचा काळ हलाखीत गेला. नंतर राज्य सरकारने त्यांच्या नावे तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगला आहे, पण त्या नावामागचा आवाज विशीतल्या कुणाला ऐकायचा असेल तर मोबाइलवर काही मिनिटांचे तुकडे शोधावे लागतात, आणि त्यांवर ना साल ना गाव.

संच व्हायचा असेल तर तो कुठल्या कंपनीच्या गोदामातून निघणार नाही, कारण तिथे जत्रेतल्या मूळ फितीच नाहीत. तो निघेल जुन्नर-आंबेगावच्या घरांमधून: पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून, बंद पडलेल्या कॅसेटच्या दुकानातून, ढोलकीवाल्याच्या नातवाकडून. चुंबकीय फितीचं आयुष्य काही दशकांचं असतं. दमट हवेत तिला बुरशी धरते आणि मग ती वाजवायला गेलं की तुटते. म्हणून ज्यांच्याकडे अशी कॅसेट असेल त्यांनी ती गंमत म्हणून टेपमध्ये घालू नये. रेकॉर्डरचं डोकं स्पिरिटने पुसून घ्यावं, पहिल्याच वेळी संगणकावर पूर्ण उतरवून घ्यावी, मधलं बोलणं आणि शिट्ट्या कापू नयेत. आणि वेष्टनावर फडाचं नाव, गाव, जत्रा, साल एवढं लिहावं. सोंगाड्या आणि ढोलकीवाला कोण होता हे घरातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल तर तेही आजच विचारून लिहून ठेवावं.