मालवणच्या नांवाचा मतदारसंघ

मुलुखाच्या सीमा लढायांनीं व तहांनीं ठरतात, असें आपण शाळेंत शिकलों. मतदारसंघाच्या सीमा मात्र शिरगणतीनें ठरतात. आमच्या मालवण प्रांतानें दोन्ही प्रकार पाहिले आहेत. त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

शिवछत्रपतींनीं १६६४ मध्यें कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. पुढें हा किल्ला करवीरकरांकडे आला. १८१२ च्या तहानें मालवण इंग्रजांच्या हातीं गेलें, आणि त्याच सालीं सावंतवाडीकरांचें वेंगुर्लेंही त्यांस मिळालें. कुडाळ मात्र सावंतवाडी संस्थानांतच राहिलें. याप्रमाणें मालवण व कुडाळ हे शेजारी शंभराहून अधिक वर्षें दोन निराळ्या अमलांखालीं नांदले. एकीकडे कलेक्टरचा हुकूम, तर दुसरीकडे राजेसाहेबांचा! १९४८ सालीं संस्थान विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यास जोडलें गेलें, व १ मे १९८१ रोजीं त्या जिल्ह्याच्या दक्षिण भागाचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला.

या जिल्ह्यांत त्या वेळीं विधानसभेचे चार मतदारसंघ होते: सावंतवाडी, वेंगुर्लें, मालवण व देवगड. राज्याच्या यादींत पहिला क्रमांक सावंतवाडीचा असे. २००८ च्या पुनर्रचनेंत मोजणी नंदुरबारकडून सुरू झाली, आणि सावंतवाडीचा क्रमांक २७० झाला. क्रमांकाचें दुःख नाहीं. परंतु चारांचे तीन झाले. त्याचें गणित असें. २००१ च्या जनगणनेप्रमाणें महाराष्ट्राची वस्ती सुमारें ९ कोटि ६९ लक्ष, आणि जागा २८८. म्हणजे जागेमागें सुमारें ३ लक्ष ३६ हजार माणसें. जिल्ह्याची वस्ती ८ लक्ष ६८ हजार. भागाकार अडीचांहून किंचित् अधिक येतो. म्हणून जागा तीन.

कणकवली, कुडाळ व सावंतवाडी या नांवांचे मतदारसंघ आतां आहेत; मालवण, वेंगुर्लें व देवगड हीं नांवें यादींतून गेलीं. गेलेलीं तिन्ही बंदरें आहेत, आणि उरलेलीं तिन्ही गांवें किनाऱ्यापासून आंत वसलेलीं आहेत, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. मालवणचा मतदार २००९ पासून कुडाळच्या नांवानें मत देतो. जी सीमा १८१२ पासून दोघांच्या मध्यें उभी होती, ती अशा रीतीनें मतपेटींत पुसली गेली.

यांत आयोगानें अन्याय केला काय? गणितांत चूक नाहीं. माणसेंच गेलीं. आधीं मुंबईच्या गिरण्यांनीं नेलीं, मग इतर चाकऱ्यांनीं. गणेशचतुर्थीस घरें भरतात खरीं, परंतु शिरगणतीचा कारकून त्या दिवसांत येत नाहीं. २०११ मध्यें जिल्ह्याची वस्ती ८ लक्ष ४९ हजारांवर उतरली. तोच भागाकार त्या सालच्या आंकड्यांनीं केला, तर उत्तर दोहोंच्या थोडेंच वर येतें.

पूर्वीं किल्ला राखला म्हणजे मुलूख राही. आतां घरांत नित्य चूल पेटली, तरच मुलुखाचा आवाज विधानसभेंत राहील. तरुणांस येथेंच पोट भरतां येण्याची सोय करणें, हेंच आमच्या किनाऱ्याचें खरें संरक्षण होय.