एका शब्दातले दोन ससे

मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. माळरानावर, शेताच्या बांधालगत दिसणारा आपल्याकडचा रानससा हा एक. आणि पिंजऱ्यातून घरी येणारा गुबगुबीत पाळीव ससा हा दुसरा. इंग्रजीत पहिल्याला हेअर आणि दुसऱ्याला रॅबिट म्हणतात. लुईस कॅरॉलच्या 'अ‍ॅलिस'मध्ये (१८६५) व्हाइट रॅबिट आणि मार्च हेअर ही दोन स्वतंत्र पात्रे आहेत. मराठीत आणताना दोघांचाही ससाच होतो. प्रश्न केवळ अनुवादकाच्या अडचणीचा असता, तर तळटीप देऊन भागले असते. परंतु शब्दातल्या या सरमिसळीचा परिणाम प्रत्यक्ष प्राण्याच्या जगण्यावरही होतो, असे मला वाटते. पाळीव सशाला खेळायला आणि कुरतडायला काय द्यावे, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न त्या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

दोन्ही प्राण्यांतला मूळ फरक घराचा आहे. रानससा बीळ खणत नाही. गवतात अंग टेकण्यापुरती जागा करून तो उघड्यावर राहतो, आणि बहुधा एकटाच असतो. त्याची पिल्ले जन्मतःच डोळे उघडलेली, अंगावर केस असलेली असतात. पाळीव सशाचे पूर्वज मात्र स्पेन-पोर्तुगालच्या भूमीतले. ते जमिनीखाली बोगद्यांचे जाळे खणून वसाहत करून राहत. त्यांची पिल्ले आंधळी, केसहीन जन्मतात. लॅटिनमधील 'क्युनिक्युलस' या शब्दाचा अर्थ ससा असाही होतो आणि भुयार असाही. या भाषेने प्राणी आणि त्याचे बीळ एकाच शब्दात बांधले.

आपल्या साहित्यातला ससा अर्थातच रानातला. चंद्रावरचा डाग सशाचा मानून संस्कृत कवींनी चंद्राला शशांक, शशधर म्हटले. शशजातकात अतिथीसाठी स्वतःचा देह देऊ करणाऱ्या सशाचे चित्र शक्राने चंद्रावर रेखाटले. नैयायिकांनी अस्तित्वातच नसलेल्या वस्तूचा दाखला म्हणून 'शशशृंग' वापरले. मात्र पंचतंत्राच्या 'काकोलूकीय' या तिसऱ्या तंत्रात एक लक्षणीय गोष्ट घडते. हत्तींचा कळप सरोवरावर पाणी प्यायला येतो आणि काठच्या मऊ जमिनीतली सशांची असंख्य बिळे तुडवतो. म्हणजे कथाकाराने रानसशांना बिळेही दिली आणि वस्तीही दिली. उद्ध्वस्त होणारा समाज दाखवायचा, तर घरे हवीत; कथेची ही गरज निसर्गापेक्षा मोठी ठरली. पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या 'इसापनीतिकथां'नी शर्यतीतला ससा मराठी शाळकरी मुलांपर्यंत नेला, तोही हेअरच. चतुर, त्यागी, भित्रा, गर्विष्ठ अशी सशाची नाना रूपे आपल्याला ठाऊक झाली. पण यांतला कोणताही ससा माणसाच्या घरात राहणारा नव्हता. घरातल्या सशाला समजून घेण्यासाठी लागणारी कथा आपल्याकडे तयारच झाली नाही.

युरोपातही ती उशिराच झाली. रोमन लोक भिंतींनी वेढलेल्या आवारात ससे राखत ते मांसासाठी. इ. स. ६०० च्या सुमारास पोपच्या एका फर्मानामुळे भिक्षूंनी ससे पाळीव केले, ही कथा दीर्घकाळ प्रमाण मानली जात होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तिला आधार नसल्याचे दाखवले. पाळीवपणा ही एका आज्ञेने घडलेली घटना नसून शतकानुशतके चाललेली प्रक्रिया होती. लाडका सोबती म्हणून ससा मध्यमवर्गीय घरांत रुळला तो प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर हिने आपला 'पीटर रॅबिट' (१९०२) ज्याच्यावरून बेतला, तो पीटर पायपर नावाचा ससा कड्यातून उडी मारत असे, छोटी घंटा वाजवत असे, खंजिरीवर पाय आपटत असे. पॉटरचे सशांवर निस्सीम प्रेम होते आणि तिची निरीक्षणशक्ती एखाद्या शास्त्रज्ञाची होती. तरीही या खेळांत करमणूक कोणाची होत होती, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न उलट बाजूने विचारला गेला विसाव्या शतकाच्या अखेरीस. मॅरिनेल हॅरिमन यांचे पाळीव सशांवरील पुस्तक १९८५ मध्ये आले आणि १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात हाउस रॅबिट सोसायटी स्थापन झाली. अंगणातल्या खुराड्यातला ससा घरात, माणसांत आणावा, हा त्यांचा आग्रह. घरात मोकळा फिरणारा ससा पलंगाखाली लपतो, गालिचा उकरतो, विजेच्या तारा कुरतडतो. ही खोडी नव्हे, हे बिळातले जगणे आहे. बोगद्यात आडवे येणारे मूळ जसे कुरतडून टाकायचे, तशीच तार. तेव्हा खेळणे म्हणजे माणसाने शिकवलेली कसरत नव्हे; सशाने गमावलेल्या जमिनीची ती भरपाई आहे.

दातांविषयीही एक अर्धसत्य रूढ आहे. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून त्याला लाकूड द्यावे, असे सांगितले जाते. लाकडाने झिजतात ते पुढचे दात. दाढा झिजतात त्या गवत चघळताना जबडा आडवा फिरल्यामुळे. म्हणून सुके गवत हेच सशाचे अन्नही आणि पहिले खेळणेही. गाजराची कीर्ती मात्र पडद्यावरची. १९४० च्या व्यंगपटात बग्ज बनीने गाजर चघळले आणि ते जगभर सशाचे अन्न ठरले. वस्तुतः त्यातली साखर पाहता ते क्वचित द्यावयाचे खाद्य आहे. गंमत अशी की त्या व्यंगपटाचे नाव होते 'अ वाइल्ड हेअर'. दोन शब्द हाताशी असूनही इंग्रजीने घोटाळा केलाच.

आता हे सारे नवी मुंबईत आणून पाहू. खाडीकाठचे सारसोळे हे मूळचे कोळी-आगरी वस्तीचे गाव, आता नेरूळचा भाग. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, भातशेती आणि मिठागरे यांवर जगणाऱ्या या पट्ट्यातल्या जमिनी संपादित झाल्या, आणि गावठाणांभोवती सदनिका उभ्या राहिल्या. अशा सदनिकेत ससा येतो तो बहुधा मुलाच्या हट्टापायी, आणि राहतो गॅलरीतल्या पिंजऱ्यात. तिथे तो तासन्‌तास गज चावत बसला, तर पाहणाऱ्याला तो खेळतो आहे असे वाटते. प्रत्यक्षात ते कोंडलेपणाचे लक्षण असते. त्याच्यासाठी परदेशी टिमोथी गवताची पाकिटे मागवली जातात, रंगीत प्लॅस्टिकची खेळणी येतात. गवत योग्यच, पण बाकीचे बरेचसे गावठाणाच्या परिसरातच मिळू शकते. आडवा ठेवलेला मातीचा माठ उन्हाळ्यात गारवाही देतो आणि बिळाचे कामही करतो. फवारणी न केलेल्या पेरूच्या, तुतीच्या डहाळ्या आणि जास्वंदीची पाने चघळायला चालतात. रंग वा वॉर्निश न लावलेली बांबूची टोपली फेकाफेकीला उत्तम. उकरण्यासाठी खोक्यात कागदाचे तुकडे आणि त्यांत लपवलेले गवत पुरते. रस्तादुभाजकांत फुलणारी कण्हेर आणि दिवाणखान्यातले मनी प्लांट मात्र त्याच्यापासून दूर ठेवावे; कण्हेर तर प्राणघातक आहे.

नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षे जगतो. मुलाचा हट्ट सहसा तितका टिकत नाही. मग 'ससा रानातलाच' या समजुतीने त्याला मोकळ्या जागेत सोडून दिले जाते, आणि तिथे शब्दातली सरमिसळ जिवावर बेतते. १९७२ च्या कायद्याने संरक्षण मिळालेला रानससा ज्या माळावर जगतो, तिथे पांढऱ्या पाळीव सशाला कुत्रा, मांजर आणि घार यांच्यापुढे निभाव धरता येत नाही. तो या रानातला कधी नव्हताच.

यासाठी मराठीने नवा शब्द घडवावा, असे मला सुचवायचे नाही. 'ससा' म्हणताना आपल्या मनात माळ उभा राहतो, तिथे घरातल्या सशापुरते बीळ उभे राहावे, एवढेच. लॅटिनने शब्दात साधलेली ही जोडणी पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन बाजूंनी भोके पाडूनही साधते. फक्त त्यावरची चिकटपट्टी आणि तारेच्या पिना आधी काढून टाकाव्यात.